बुबुळावरची हिरवी फांदी

समजा, टॉवेलात गुंडाळलेला ससा तुमच्या मांडीवर आहे. फक्त तोंड बाहेर. त्याच्या डोळ्यात नारिंगी थेंब टाकायचा, खोलीतला दिवा मालवायचा आणि निळ्या उजेडात बुबुळ पाहायचं. तेही श्वास रोखून, कारण फुंकर लागून त्यानं पापणी मिटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून! जखम असेल, तर पानं गळालेल्या फांदीसारखी हिरवी रेघ चमकते.

प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्या बाईंना सगळे ‘ससेवाली’ म्हणतात. बुबुळावर अशी जखम करणारा हर्पीसचा विषाणू डोळा बरा झाला तरी जात नाही. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दडी मारतो आणि कधीतरी त्याच वाटेनं परततो. उंदरात त्याला सहसा डिवचावं लागतं. सशात मात्र माणसासारखा आपणहून उठतो. म्हणून ससे.

एका रविवारी धाकटी बहीण लाल डोळा घेऊन आली. कपडे शिवण्यावर तिचं पोट चालायचं.

“कापडाची धूळ गेली गं, ताई. उजेड सहन होत नाही. घरात जुने थेंब होते, तेच टाकतेय. लाली उतरलीय बघ.”

बाटलीवरचं नाव वाचून ससेवालीनं ती काढूनच घेतली. स्टेरॉइड! लाली उतरते खरी, पण आत हर्पीस असेल तर त्याला रान मोकळं. आणि ताप आला की धाकटीच्या ओठावर फोड यायचे, तेही याच विषाणूचे. तिनं बहिणीची हनुवटी धरली, श्वास रोखला.

“मी काय ससा आहे?”

“ससा परवडला. तो गप्प बसतो.”

“दिसलं काही?”

“नुसत्या डोळ्यांना नाही दिसत. म्हणूनच चल.”

“अगं, ऑर्डर द्यायचीय!”

“डोळा गेला तर सुईत दोरा कोण ओवणार? मी?”

दवाखान्यात अंधार झाला, निळा उजेड पडला. डॉक्टरांनी ससेवालीलाही भिंगातून पाहू दिलं. तीच फांदी. तिचा हात नकळत बहिणीच्या कानामागे गेला आणि सशाला खाजवावं तसा खाजवू लागला.

“ताई!”

डॉक्टर हसले. “वेळेत आणलंत. हे थेंब आजपासून बंद.” त्यांनी विषाणूवरचं औषध लिहून दिलं.

परतताना धाकटीनं विचारलं, “पुन्हा येईल?”

“येऊ शकतो.”

“उठवतं कोण त्याला? ऊन? जागरण? की तुझी बडबड?”

ससेवालीला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ती दोन पिंजऱ्यांसमोर उभी राहिली. एकाच आईची पिल्लं, एकच खाणं, एकाच दिवशी दिलेला विषाणू. एकाचं बुबुळ काचेसारखं स्वच्छ, दुसऱ्याच्या बुबुळावर पुन्हा फांदी. पहिल्याच्या नसेत विषाणू निवांत झोपलाय. मग दुसऱ्याच्या नसेत तो कशानं जागा झाला?