पाठ केलेली उत्तरं

रामी पडला, उठला, हात झाडले आणि अंगठा वर करून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्याने उठायला जरा जास्तच वेळ घेतला असं वाटलं. मी बॅग घेऊन धावले आणि त्याला बाहेर आणलं.

मी फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर दोह्यात वेस्ट बेमधल्या क्लिनिकमध्ये ऑफिसवाल्यांच्या माना-कंबरा सरळ करते आणि शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलच्या एका हौशी टीमबरोबर असते. या खेळात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं करायचं. आमचे हे म्हणतात, तुझ्या धंद्याला बरकत आणणारा खेळ आहे.

त्या दिवशी फायनल होती. रामी हा लेबनॉनचा इंजिनियर आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा. त्याच्या तोडीचा दुसरा कुणी टीममध्ये नव्हता.

माझ्या मनात भीती कन्कशनची. डोक्याला असा हादरा बसतो की रक्त येत नाही, हाड मोडत नाही, पण मेंदू आतल्या आत हलतो. त्यातच दुसरा मार बसला तर माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. मैदान कुठलं? शेवटचा पॉइंट कुणाचा? मागची मॅच कुणाशी? रामीने धडाधड उत्तरं दिली, सगळी बरोबर. डोळे मात्र मला पटेनात.

मॅनेजर डोक्यावरच उभा होता. म्हणाला, "मॅडम, टेस्ट पास ना? मग खलास. यल्ला, चला, सोडा त्याला."

तेवढ्यात कोच आला. हा माणूस अमेरिकेत प्रोफेशनल खेळलेला. दोन्ही गुडघे बदललेले, बोटं वेडीवाकडी. आता दोह्यात अकाउंटंट आणि इंजिनियर मंडळींना शिकवतो, तेही जीव ओतून. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. फक्त कुणाला नावाने हाक मारत नाही. मी 'डॉक', बाकी सगळे 'चीफ'. मला ती ऐट वाटायची.

तो रामीसमोर वाकला. "चीफ, पडायच्या आधी मी कुठला प्ले दिला होता?"

प्ले म्हणजे आधी ठरवलेली चाल. रामी हसला. "तोच... नेहमीचा."

कोच रागावला नाही. रामीचं हेल्मेट काढून त्याने माझ्या हातात दिलं. हेल्मेटशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

"हे सांभाळ, डॉक. कुणालाही द्यायचं नाही. मी मागितलं तरी."

मॅनेजर तणतणत निघून गेला. सामना अगदी रंगात आला. आम्ही एकाच टचडाउनने, म्हणजे एका गोलाइतकेच, मागे होतो आणि वेळ संपत आली होती. कोच माझ्या दिशेने चार पावलं आला, हेल्मेटकडे बघत राहिला. मी ते पोटाशी घट्ट धरलं. त्याने मान डोलावली आणि परत फिरला.

आम्ही हरलो. हॉस्पिटलच्या वाटेवर रामीला गाडीतच उलटी झाली. नशीब, रक्तस्राव नव्हता. तरी रात्रभर ठेवून घेतलं.

पुढच्या प्रॅक्टिसला मी कोचला विचारलंच, उत्तरं बरोबर असताना तुला शंका कशी आली?

"ते प्रश्न प्रत्येक खेळाडूला पाठ असतात," तो म्हणाला. "मलाही होते. मी एकदाही नापास झालो नाही, मार खाऊन दर वेळी परत मैदानात. म्हणून आता नावं लक्षात राहत नाहीत. बरा आहे ना आपला... तो चीफ?"

"रामी," मी म्हटलं.

"हं. रामी." त्याने ते नाव पुन्हा एकदा स्वतःशीच म्हटलं आणि शिट्टी वाजवून टीमला बोलावलं.

मी आता दर सामन्याला प्रश्न बदलते. आणि कोच समोर आला की त्याने विचारायच्या आधीच खेळाडूचं नाव सांगते.