पोळ्याच्या सकाळची बॅटरी

बॅटरी चार्जिंगला लावली की गुरांच्या कोठ्यात जो वास भरे, तो अजून माझ्या घशात आहे: आंबट, धातूचा, जिभेच्या मुळाशी ओरखडा काढणारा. त्या वासाखाली बारीक उकळ ऐकू येई, चुलीवर कधीच न चढलेल्या पाण्याची.

आमची शेवटची बैलजोडी जाऊन दोन वर्षे झाली होती. बोरी अरबच्या पोळ्यात आमच्या घराच्या मानाला आता जुना ट्रॅक्टर तोरणाखाली उभा राही, आणि तो ढकलत नेणे म्हणजे सगळ्या गावासमोर नामुष्की. म्हणून माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, पहाटेच बॅटरी उतरवून कोठ्यातल्या ओट्यावर चार्जरला जोडली होती. टोकांवर जमलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, ग्रीस चोपडले, पाण्याची पातळी दिसावी म्हणून सहाही बुचे काढून ठेवली.

भासऱ्यांशी मी बोलत नसे. अकरा वर्षे पदर डोक्यावर, शब्द ओठांआड. मी दोन हातांवर उभी असले तरी त्यांचा निरोप सासूबाईंमार्फत यायचा.

"माय, तिले सांग, आरती आण म्हणा. उशीर होऊन राह्यला."

"बॅटरीले उठू तर दे," सासूबाई म्हणाल्या. "पहाटपासून निजली हाये, लाडाच्या सुनेवाणी."

"उठते आता. बुडबुडे येऊन राह्यले."

"मंग तिलेच आधी ओवाळू. बैलाचे खांदे शेकतो आपण. या लोखंडाले खांदे कुठं? जीव तर इथंच हाये ना त्याचा."

आत येण्यापूर्वी भासऱ्यांनी बिडी दाराबाहेर चिरडून विझवली होती. बॅटरीजवळ बिडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण निरांजनाची ज्योत हीदेखील आगच, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. ते वाकून भोकांत पाहत होते. मी ताट खाली नेले. दुसऱ्या फेरीला ज्योत त्या उकळीवरून सरकली, आणि बॅटरी फुटली.

माझे कान बंद झाले. ताट भिंतीवर आदळून दुमडले, काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे कुडात रुतले. आवाज परतला तो भासऱ्यांच्या किंकाळीसह. गुडघ्यांवर कोसळून ते दोन्ही मुठींनी डोळे चोळत होते, आणि त्यांच्या सदऱ्यावर माझ्या देखत भोके उमलत होती.

"तेल! खोबरेल आण!" सासूबाई ओरडल्या आणि स्वतःच घरात धावल्या.

गेल्या साली स्वतःच्या हातावर बॅटरीतला थेंब उडाला तेव्हा भासऱ्यांनीच सासूबाईंना बजावले होते, "ॲसिडले पाणी, माय. लय पाणी. तेल नोको." आता ते स्वतःच विसरले होते. मुठींखाली दोन्ही डोळे जळत होते, आणि माझ्या हातच्या ज्योतीने.

मी त्यांचे केस धरले. अकरा वर्षे ज्यांची सावली चुकवली, त्या माणसाला केसांनी ओढत दाराबाहेरच्या गुरांच्या टाक्याशी नेले आणि तोंड पाण्यात दाबले. ते गुदमरले, डरकाळले, लाथा झाडू लागले. त्यांचे कोपर माझ्या तोंडावर बसले; खालचा ओठ दातांवर फाटला आणि पाण्यात लाल धागे पसरले. मी त्यांना उताणे पाडले, छातीवर गुडघा रोवला, अंगठ्यांनी पापण्या ओरबाडून उघडल्या आणि तांब्यामागून तांब्या ओतला.

"डोळे उघडा! उघडा म्हणते ना!" त्यांना उद्देशून निघालेले माझे पहिले शब्द ते.

सासूबाई तेलाची बाटली घेऊन आल्या. "जीव घेतं का त्याचा? सोड, रांडे!" बाटली माझ्या पाठीवर बसली, एकदा, दोनदा. तेलाने माखलेला त्यांचा हात लेकाच्या डोळ्यांकडे सरकला तेव्हा मी त्यांच्या मनगटाला चावले. तेल मातीत सांडले. वेशीवर तोरण बांधायला गेलेले माझे यजमान धावत आले, तोवर टाके निम्मे झाले होते आणि माझ्या मुठीत भासऱ्यांच्या केसांचा पुंजका होता.

यवतमाळच्या डॉक्टरांनी माझा ओठ शिवला. भासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. "पट्टी सोडल्याशिवाय काही सांगता येणार नाही," एवढेच डॉक्टर म्हणाले. पाच दिवस सासूबाई मनगटाला फडके बांधून खाटेशी बसून होत्या. मी दाराशी बसून डबा पुढे सरकवत असे.

सहाव्या दिवशी पट्टी सुटली. लाल, सुजलेल्या फटींतून पाणी घळघळले. सासूबाईंनी पाच बोटे त्यांच्यापुढे धरली. "दिसते का रे? सांग ना, दिसते का?"

भासऱ्यांनी खिडकीकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग त्यांची नजर आईला ओलांडून दारापर्यंत आली, माझ्या ओठावरच्या काळ्या टाक्यांवर थांबली, आणि तिथेच राहिली. त्यांनी थेट मला विचारले,

"लागलं?"