ओडिलीला हवं होतं लायसन्स

सान होसेच्या ओडिली सोलानोने वीस वर्षं हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. तरी नव्या नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत तिला फळ्यावर प्रोग्रामिंगची कोडी सोडवायला लावत. पुन्हा एकदा नापास होऊन ती दुखरी दाढ घेऊन दंतवैद्य भावजींकडे गेली.

"भावजी, आधी दुसऱ्या कुणाची दाढ उपटून दाखवा!"

"अगं, एकदा परीक्षा दिली, लायसन्स मिळालं. आता रोज कोण विचारतंय?"

"मग आम्हीच काय घोडं मारलंय?"

तिने शहरातले प्रोग्रामर गोळा करून सरकारकडे प्रोग्रामरसाठीही लायसन्सची मागणी केली. पहिल्याच सभेत लायसन्सच्या परीक्षेसाठी जो तो आपलं लाडकं कोडं सुचवू लागला.

"गाढवांनो, त्याच कोड्यांना कंटाळून जमलोय ना?" ओडिली कडाडली.

सगळे वरमले. लायसन्स अजून मिळालेलं नाही, पण सभेला गर्दी वाढतेय.