वहिनींसाठी हॉटेल

दादाचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. तो आणि वहिनी नागपूरहून दोन दिवसांसाठी पुण्याला येणार होते. वहिनींना कॅन्सर झाला होता. वर्षभर उपचार चालले, ते संपले, रिपोर्ट चांगले आले आणि आता डॉक्टरांनी हिंडाफिरायला, अगदी पोहायलासुद्धा परवानगी दिली होती. मी लगेच म्हटलं, या की, मागची खोली रिकामीच आहे, नवीन गादी घालून ठेवते. त्यावर दादा जरा घुटमळला. मग म्हणाला, आम्ही हॉटेलात उतरतोय. दोन हॉटेलं काढून ठेवली होती त्यानं, दोन्ही चांगली पंचतारांकित. तू तिथलीच आहेस, तर जाऊन बघून ये आणि कुठलं घेऊ ते सांग, एवढंच त्याचं काम होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी बहीण कर्वेनगरात घर करून राहतेय आणि भाऊ उतरणार हॉटेलात. वर त्या हॉटेलातल्या न्हाणीघरांची तपासणी बहिणीनंच करायची. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, बरंच झालं, सकाळी बाथरूमसाठी खोळंबा नको. त्या दिवशी दुपारचा चहा त्यांना स्वतःच करून घ्यावा लागला.

रागावले तरी गेलेच. न जाऊन सांगते कुणाला? पहिलं हॉटेल नदीच्या बाजूला होतं. दारातच एका मुलीनं हसून नमस्कार केला, बसवलं, लिंबू सरबत आणून दिलं आणि विचारलं, कोण येणार आहे, काही विशेष काळजी घ्यायची आहे का? संपलं. माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. आजार कुठला, किमो कशी सोसली, केस कसे गेले, आता कुठे बोटभर आलेत, तिखट कसं चालत नाही, सगळं सांगितलं. ती मुलगी मान हलवत लिहून घेत होती. म्हणाली, मॅडमना लिफ्टजवळची खोली देऊ, दारात व्हीलचेअर ठेवू, म्हणाल तेव्हा मऊ खिचडी करून देऊ, खोलीत फुलं आणि लवकर बऱ्या व्हा असं कार्ड ठेवू, सगळ्या स्टाफला आधीच कल्पना देऊन ठेवू. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परक्या पोरीला एवढी माया.

दुसऱ्या हॉटेलात काउंटरवर एक गृहस्थ होते. पोहण्याचा तलाव आहे का? आहे. पाणी कोमट असतं का? असतं. खोली दाखवता का? दाखवतो. आधीची कितीतरी वर्षं सदाशिव पेठेत काढूनही इतकं मोजूनमापून बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. खोली स्वच्छ होती, मागे तलाव, भोवती झाडं, नाव ठेवायला कुठे जागा नाही. मी सांगायला तोंड उघडलं, की आमच्या वहिनी ना... तर त्यांनी मला लिफ्टचं बटण दाबून दिलं. मी मनातल्या मनात त्या हॉटेलावर फुली मारली.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधीच मी वहिनींना फोन लावला आणि पहिल्या हॉटेलाचं कौतुक सुरू केलं. व्हीलचेअर सांगितली, खिचडी सांगितली, फुलं सांगितली.

"अगं, तिथं सगळ्यांना सांगितलंस?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, हो, तुमच्यासाठीच तर.

"इथं दारावरची बेल वाजली की मी आधी स्कार्फ बांधते. भाजीवाली विचारते, शेजारचे विचारतात, सगळे मायेनंच विचारतात गं. मला दोन दिवस कुणाचीच पेशंट व्हायचं नाहीये. तुझ्या घरी नको म्हटलं ते म्हणूनच."

मला लागलं ते. मी काय परकी आहे का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या येणार म्हणून मी अख्ख्या सोसायटीत सांगून बसले होते. डाळिंबाचा रस कधी द्यायचा, दुपारी किती झोपवायचं, भेटायला कुणी कधी यायचं, सगळं ठरवून झालं होतं माझं. आमच्या मजल्यावरच्या काकू तर कसलासा काढा घेऊन यायच्या होत्या. बिचाऱ्या वहिनी.

"आणि त्या दुसऱ्या हॉटेलात काय काय सांगितलंस?"

"काही नाही. तो माणूस बोलूच देत नव्हता."

वहिनी हसल्या. किती दिवसांनी त्यांना असं मोकळं हसताना ऐकलं. म्हणाल्या, मग तेच घेऊ.

ते आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तलावावर बोलावलं, एका अटीवर. तब्येतीचा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं, पण पोट नुसतं फुगलं होतं माझं. झोप लागली का, एवढं विचारलेलं चालेल का, याचाच विचार करत मी दादाशेजारच्या खुर्चीवर बसले होते.

वहिनी आल्या त्या पोहण्याच्या पोशाखात, आणि डोक्यावर काहीही न बांधता. बारीक, उभे, काळेपांढरे केस. दादानं पेपर उघडला, मी नाश्त्याचं मेनूकार्ड उघडलं. वहिनी पायऱ्यांपाशी कठडा धरून उभ्या राहिल्या. एक पाय पाण्यात घातला आणि तिथंच थांबल्या. मला वाटलं, फिरतात आता माघारी. जाऊन हात धरावा असं फार वाटत होतं, पण अट आठवली आणि बूड हलवलं नाही.

तेवढ्यात तलावातली एक बाई पोहत पोहत त्यांच्याजवळ आली. आमच्याच वयाची, डोक्यावर रबरी टोपी, तिच्याखाली मोठा अंबाडा फुगलेला. ती वहिनींच्या डोक्याकडे टक लावून बघायला लागली. मी मेनूकार्ड खाली ठेवलं. काही वेडंवाकडं बोलली असती तर मी तिला तिथल्या तिथं सुनावणार होते.

"अहो, हा कट कुठे केलात?" ती म्हणाली. "मला कधीपासून असेच बारीक करायचेत. घरचे करू देत नाहीत."

वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"नागपूरला," वहिनी तिला म्हणाल्या. "करून टाका हो. सुरुवातीला आरशात बघवत नाही. मग डोक्याला वारा लागतो ना, तो आवडायला लागतो."

आणि त्यांनी कठडा सोडला.