दवाखान्यातल्या नोंदीची जुनी प्रत

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. मोठी म्हणावी अशी प्रकरणेसुद्धा हल्ली डोक्यात एकमेकांत मिसळतात. कळंब तालुक्यातल्या एका दवाखान्याचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे आठवते. नावे देत नाही, कारण त्यातले बरेच लोक आजही याच जिल्ह्यात राहतात.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने येऊन सांगितले, की हायवेलगतच्या खाजगी दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर एक माणूस दगावला आहे आणि नातेवाईक सिस्टरला मारायला उठले आहेत. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही चौघे निघालो.

मरण पावलेला माणूस हायवेवर पंक्चरचे दुकान चालवत होता. जॅक निसटून त्याच्या पायाला जखम झाली होती आणि ती चिघळली होती. सकाळी साडेनऊला बायको त्याला घेऊन आली. पावणेअकराला डॉक्टरांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले आणि साडेअकराच्या आत तो गेला.

गर्दी आवरून आम्ही सिस्टरला मागच्या खोलीतून बाहेर काढले. ती अणदूरकडची, तिशीच्या आतली होती. मृताची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, "म्या त्या सिस्टरला सांगितलं व्हतं. मागं याच सुईनं यांचं तोंड सुजलं व्हतं. तिनं व्हय म्हणून लिवून घेतलं."

या दवाखान्यात कागदी केसपेपर बंद झाले होते. प्रत्येक रुग्णाची एक फाइल काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये असे. आम्ही पंचांसमक्ष मृताची फाइल उघडली. अॅलर्जीच्या रकान्यात 'नाही' असे होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की नोंद पाहूनच त्यांनी इंजेक्शन दिले. फाइल दुपारी बदलल्याचे दिसत होते, पण मृत्यूची वेळ आपणच तेव्हा भरली, असे त्यांनी सांगितले. ते पटण्यासारखे होते. पंचक्रोशीत त्यांचा लौकिक मोठा होता. अडल्यानडल्याला फी न घेणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखत.

सिस्टरचा जबाब मी स्वतः घेतला. ती म्हणाली, "मी लिहिलं होतं, साहेब. पेनिसिलीनच्या इंग्रजी स्पेलिंगला दोन 'एल' लागतात, माझ्याकडून एकच पडला. दुरुस्त करायला गेले तेवढ्यात वॉर्डातून हाक आली, म्हणून तसंच ठेवून गेले."

हवालदाराने हे कच्च्या कागदावर उतरवले. पक्का जबाब लिहिताना स्पेलिंगची गोष्ट त्याने गाळली. कामाची नाही, असे त्याला वाटले. मीही वाचून सही केली. खरे सांगायचे तर माझा तिच्यावर विश्वास नव्हता. चूक झाल्यावर 'मी केलं होतं' म्हणणारी माणसे मी शेकड्याने पाहिली होती. त्यात मृताच्या मेहुण्याची तक्रार तिच्याच विरुद्ध होती आणि कॉम्प्युटरही तिच्याच विरुद्ध बोलत होता. पुढच्या दोन दिवसांत तिला दोनदा बोलावले. दोन्ही वेळा तिने तेच सांगितले; नवे काही नाही म्हणून ते लिहून घेतले नाही. खोटे बोलणाऱ्याचा जबाब दर खेपेला थोडा सुधारतो. तिचा सुधारला नाही. हे माझ्या ध्यानात आले होते, पण मी त्याला महत्त्व दिले नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी ठाण्यात आल्या. बाजाराची पिशवी त्यांनी बाकाखाली सरकवली आणि उभ्यानेच बोलल्या, "सायेब, डॉक्टर त्या काउंटरच्या खुर्चीत कंदी बसत न्हाईत. त्या दिशी तुमी सगळे भाईर व्हतात, तवा बसले व्हते. दार लोटून."

मी विचारले, की हे आधी का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाला त्यांनीच वाचवलंय. तीन दिस घास गोड लागंना."

एवढ्यावरून डॉक्टरांना हात लावता येत नव्हता. त्या कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या माणसाला मी बोलावून घेतले. पन्नाशीचे गृहस्थ होते. पूर्वी त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, पुढे कॉम्प्युटर शिकले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी सांगितले, की दवाखान्यात बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवले आहे. ते दर तासाला फाइलींची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर उतरवते आणि फाइल बदलली तरी तिची आधीची प्रत ठेवून देते. मी विचारले, की मृताच्या फाइलीची आधीची प्रत सापडेल का.  ते हळू आवाजात म्हणाले, की मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला होता. डिस्क भरत आली आहे, जुन्या प्रती ठेवू नका, फक्त शेवटची ठेवा. मिस्त्रींनी दुकानात बसूनच इंटरनेटवरून ते सेटिंग बदलून दिले होते.

मला वाटले, पुरावा संपला. तरीही दोन पंच घेऊन आणि मिस्त्रींना बरोबर नेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डिस्क काउंटरच्या खाली होती, पण तिची वायर सॉकेटमधून काढलेली होती. मावशींनी सांगितले, की मयताचे पाहुणे जमले, बाया उन्हानं कासावीस झाल्या, म्हणून त्यांनी तो प्लग काढून कूलर लावला होता. पुन्हा जोडायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते.

डॉक्टर दाराशी उभे होते. कॉम्प्युटर चालूच होता. माझ्या शिपायाने वायर उचलली आणि प्लग सॉकेटपर्यंत नेला.

"साहेब, थांबवा त्यांना," मिस्त्री म्हणाले. "वायर लावू नका."

शिपायाचा हात मी धरला. मिस्त्रींनी डॉक्टरांकडे एकदा पाहिले आणि मग माझ्याकडे वळून सांगितले, की सेटिंग बदलले तरी जुन्या प्रती लगेच जात नाहीत. पुढचा बॅकअप होतो तेव्हा सॉफ्टवेअर त्या पुसते. डिस्क त्या दिवसापासून बंद आहे, म्हणजे पुसायचे अजून राहिले आहे. आता जोडली, की आपल्या डोळ्यांदेखत पुसले जाईल. ही डिस्क दुसऱ्या ठिकाणी, नुसती वाचता येईल अशा तऱ्हेने उघडायला हवी.

त्या दवाखान्याचे काम त्यांच्याकडे बारा वर्षे होते. ते गप्प राहिले असते तर कोणीही त्यांना दोष दिला नसता.

डिस्क आणि कॉम्प्युटर पंचनामा करून सीलबंद केले आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवाल यायला पावसाळा उलटला. मृत्यूच्या दिवशी सकाळी दहाच्या बॅकअपमध्ये मृताच्या फाइलीची प्रत होती. अॅलर्जीच्या रकान्यात पेनिसिलीन लिहिलेले होते. एक 'एल' कमी होता.

अहवाल वाचून मी कपाटातला गठ्ठा उपसला. सिस्टरचा कच्चा जबाब फाडायचा राहून गेला होता, तो टाचणीत तसाच सापडला. डिस्क उघडण्यापूर्वीच तिने ही चूक सांगितली होती, याचा तेवढा एकच लेखी पुरावा होता.

डॉक्टरांना ठाण्यात बोलावले आणि दोन्ही प्रतींचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. आवाज चढवायची वेळ आली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचले. म्हणाले, "मी स्क्रीन बघितलीच नाही. बाहेर चाळीस माणसं बसली होती." मग म्हणाले, "दवाखाना बंद झाला तर एवढ्या गावांनी कुठं जायचं, असं मनात आलं."

मी विचारले, "आणि सिस्टर कुठं जाणार होत्या?"

 ते जबाबावर सही करून उठले.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीचे मत घेऊन दोषारोपपत्र दाखल झाले. पुढे माझी बदली झाली, साक्षीसाठी तेवढा येऊन गेलो. पुरावा नष्ट केल्याबद्दल डॉक्टरांना शिक्षा झाली. निष्काळजीपणाचा भाग अपिलात बराच काळ चालला. दवाखाना बंदच पडला. त्या भागातल्या लोकांना आता येडशीच्या पुढे जावे लागते, आणि त्याबद्दल काही जण अजून मिस्त्रींना बोल लावतात.

अहवाल आला त्याच आठवड्यात मी सिस्टरच्या घरी गेलो होतो. तुमच्यावर काही बालंट राहिले नाही, असे तिला सांगितले. दारात उभी राहून तिने ऐकून घेतले. म्हणाली, "साहेब, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." मग तिने चहाचे विचारले. मी नको म्हटले.

त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे हवालदारांना एक ताकीद दिली. पक्का जबाब झाला तरी कच्चा कागद फाडायचा नाही, आणि माणूस बोलला त्यातले कामाचे कोणते हे आपण ठरवायचे नाही. गठ्ठे वाढतात, कपाटे भरतात, अशी कुरकूर होत असे. मी ती ऐकून घेत असे. त्या बाईचे तीन दिवसांतले तिन्ही जबाब अक्षरशः एकसारखे होते, आणि ते तिन्ही मी स्वतः घेतले होते.