शेवटच्या पानावरचा नवरा

धाकटी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या वाट्याला बहुतेक घरगुती रहस्यकादंबऱ्याच यायच्या, आणि त्या तिच्या डोक्यात जायच्या. टुमदार घर, गोडबोल्या नवरा, झोपेच्या गोळ्या घेणारी बायको आणि खिडकीतून डोकावणारी शेजारीण, एवढ्या भांडवलावर लेखक मंडळी वर्षानुवर्षं दुकान चालवत होती. नायिकेला गालिच्यावरचा परका केस लांबून दिसायचा, पण घरात वावरणारा माणूस आपला नवरा नसून त्याचा जुळा भाऊ आहे, हे मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत कळायचं नाही. ‘घोरण्यावरूनसुद्धा कळू नये?’ असं धाकटीनं एकदा समासात लिहिलं. प्रकाशकांनी ते खोडलं आणि बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघावं, असा निरोप पाठवला.

आणि नेमकी तिची थोरली बहीण या पुस्तकांवर तुटून पडायची. ती धाकटीकडे राहायला आली होती, कारण भावोजींनी संसार मोडला होता. त्यातही रहस्य म्हणाल तर नावाला नाही. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की आता मला इथं राहायचं नाही. मग कप विसळून पालथा घातला, बॅग उचलली आणि गेले. दुसरी बाई असणार म्हणून नातेवाइकांनी आकाशपाताळ एक केलं, पण तशी कुणी सापडली नाही.

एकदा थोरलीचं डोकं पुस्तकात आणि दूध शेगडीवर. दमून घरी आलेल्या धाकटीला ओट्याखालपर्यंत ओघळ दिसला आणि तिचा ताबा सुटला.

“त्या पुस्तकात खून मावशीनं केलाय,” ती म्हणाली. “आता बस निवांत वाचत.”

थोरलीनं पुस्तक मिटलं, शेगडी पुसली आणि अबोला धरला. बरेच दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. शेवटी कपडे वाळत घालताना तीच बोलली.

“ते सगळं थोतांड असतं, हे मला कळत नाही का? पण त्यात शेवटी कुणीतरी बसून सांगतं गं, का केलं ते.”

धाकटीनं नुसतेच चिमटे पुढे केले.

थंडी सुरू झाली तसे भावोजी थोरलीच्या सामानात आलेले आपले लोकरीचे कपडे न्यायला आले. धाकटी स्वयंपाकघरात गेली, पण कान बाहेरच होते. थोरलीनं आवाज न चढवता विचारलं, “का गेलात?”

भावोजी टाळत नव्हते, खरंच आठवून बघत होते.

“मलाही नीट कळलेलं नाही,” ते म्हणाले. “नकोसं झालं, एवढंच.” मग त्यांनी निळा स्वेटर कुठे आहे ते विचारलं. थोरलीनं तो घडी घालून दिला.

ते गेल्यावर ती अर्धवट राहिलेली कादंबरी घेऊन बसली. नवऱ्यानं बायकोला खुर्चीला बांधलं होतं आणि पानंच्या पानं तो आपल्या लहानपणापासूनची कर्मकहाणी ऐकवत होता. ती मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

“हातात सुरा आहे, आणि हा शाळेतल्या बाकाचं सांगतोय,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांना धड दोन वाक्यं जमली नाहीत.” आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, ते तिनं बाहीला पुसले. धाकटीही शेजारी बसून हसली.

त्या आठवड्यात थोरलीनं स्वतःच घटस्फोटासाठी एका वकीलबाईंना फोन केला. पुस्तकं काही सुटली नाहीत. फक्त नवऱ्याचा कबुलीजबाब आला की आता ती तो मोठ्यानं वाचते, आणि धाकटी भांडी घासता घासता लेखकाचा उद्धार करते.