डबल बेल

आमचे भाऊजी उभ्याने जेवत. फ्रीजच्या डोक्यावर ताट, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि पोळीचा तुकडा मोडताना नजर खिडकीतून खाली पार्किंगकडे. तसं पाहिलं तर शेवटची दोन वर्षं ते खुर्चीतच होते, म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे बसलेले भाऊजी यायला हवेत. पण आठवण आली की ते उभेच दिसतात. उभ्याने टीव्ही बघणारे, ओट्यावर पेपर पसरून उभ्याने वाचणारे. आलेल्या माणसाला बसायचा संकोच व्हायचा. तेव्हा म्हणायचे, "बसा हो. तीस वर्षं मी बसलो आणि पुणं उभं राहिलं. आता जरा उलट."

तीस वर्षं ते शहर बसचे ड्रायव्हर होते. माझी थोरली बहीण त्यांना दिली तेव्हा मी शाळेत होतो, आणि बस चालवणारा मेव्हणा म्हणजे माझ्या दृष्टीने राजाच. कणा गेल्यावर राजाला सिंहासनच चालेनासं झालं. दोन मिनिटं बसलं की उजव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत वीज उतरायची.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात या उभं राहण्याने चांगलाच घोळ घातला. हॉलमध्ये दीडशे खुर्च्या, आणि मुलीच्या आत्याचे यजमान भिंतीला टेकून उभे. बसा म्हटलं की हात जोडायचे. व्याह्यांकडे कुजबुज सुरू झाली, की यांचे जावई रुसलेत, मानपानात काहीतरी राहिलं. शेवटी मुलाचे काका शाल-नारळ घेऊन आले आणि म्हणाले, चुकलंमाकलं पोटात घाला. भाऊजींनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि म्हणाले, "राग नाही हो, मणका आहे. पण शाल चांगली निवडलीत."

घरात त्यांची भाषा बसचीच. ताई भात वाढायला लागली आणि पुरे झाला की "सिंगल!" अजून हवा असला की "डबल!" कंडक्टरने एकदा बेल दिली की थांबायचं, दोनदा दिली की निघायचं. बेल बिघडलेली असेल तर पत्र्यावर थापा मारायच्या, हिशोब तोच. आम्ही त्यांच्याकडून निघालो की दाराच्या चौकटीवर दोनदा बोटं वाजवून ते आम्हाला वाटेला लावत. एकदा मी विचारलं, मागे न बघता नुसत्या बेलवर गाडी सोडायची भीती नाही वाटत? तर म्हणाले, "ड्रायव्हरला मागचं दिसत नाही मेव्हणे. पायरीवरची म्हातारी कंडक्टरला दिसते. बेलवर विश्वास नसेल त्याने गाडी चालवू नये."

मूळचे ते यवतमाळकडचे. पुण्यात चाळीस वर्षं काढून बोलणं इतकं पुणेरी झालं होतं की पत्ता विचारणाऱ्यालाही एका वाक्यात गार करायचे. पण दुखलं, की वऱ्हाडी उघडी पडायची. ताईने त्यावरून मापच बसवलं होतं. "आज 'अगे माय वं' तीनदा झालं," असं ती मला फोनवर सांगायची, जसं कोणी ताप सांगावा.

हे सगळं सुरू झालं पाण्यापायी. धायरीला त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. त्या दिवशी टँकर आला आणि लिफ्ट बंद. भाऊजी रिटायर होऊन वर्ष झालेलं, अंगात रग होती. दोन्ही हातांत बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाले, आणि दुसऱ्या जिन्यावर कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. बादल्या मात्र त्यांनी सांडू दिल्या नाहीत. आधी नीट खाली ठेवल्या, मग स्वतः आडवे झाले.

इथे माझा प्रवेश होतो, आणि तो मोठ्या रुबाबात झाला हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या आठ वर्षं आधी माझीही मणक्यातली गादी सरकली होती, आणि तीन महिन्यांत मी ऑपरेशनशिवाय बरा झालो होतो. स्वतःच्या हिमतीवर मी आयुष्यात मिळवलेली ती एकच गोष्ट. कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं हेडक्लार्कच्या शेजारी बसून मी हेडक्लार्क झालो नाही. पण कमरेच्या बाबतीत आमच्या वारज्यात माझा शब्द शेवटचा होता. फरशीवर झोपायचं, कोमट तेल, पाठीला पट्टा, आणि दाराच्या चौकटीत बसवलेल्या नळीला सकाळ-संध्याकाळ लोंबकळायचं. बायको याला वटवाघळांचा क्लास म्हणायची. कोणाची कंबर धरली असं कळलं, की मी पट्टा पिशवीत घालून निघालोच.

भाऊजींना मी डॉक्टरांकडेही नेलं, नाही असं नाही. मणक्यांच्या सर्जन होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. एमआरआयची फिल्म उजेडाला लावून त्यांनी दाखवलं, खालच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर बसली होती. म्हणाल्या, "तीन रस्ते आहेत. गोळ्या, विश्रांती आणि फिजिओथेरपी करून सहा आठवडे थांबायचं. नाहीतर नसेजवळ इंजेक्शन, त्याने काही काळ दुखणं कमी होईल, गादी जागच्या जागीच राहील. किंवा ऑपरेशन."

भाऊजी अर्थात उभेच होते. त्यांनी विचारलं, "तुमचे वडील असते तर?"

"आज तरी थांबवलं असतं. पण डोळे उघडे ठेवून." मग त्यांनी एका कागदावर मराठीत तीन ओळी लिहिल्या. पाऊल लुळं पडणं. बसायच्या जागी बधिर होणं. लघवीला अडणं. "यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी यायचं. उद्या नाही. सहा आठवड्यांनी तर याच."

ऑपरेशनची भाऊजींना भीती होती. डेपोतला एक मित्र मणक्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणातून उठलाच नव्हता. "गाडी एकदा गॅरेजला गेली की पहिल्यासारखी येत नाही," म्हणायचे. त्यांना एकच हवं होतं, मरेपर्यंत आपल्या पायाने संडासाला जाता यावं. ते हे हसत सांगायचे, पण हसण्यावारी नाही. लिफ्टमध्ये त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, चष्मा नव्हता म्हणून. मी वाचला, घडी केली आणि म्हणालो, "हे सगळ्यांनाच लिहून देतात. मलाही दिलं होतं. त्यांचा धंदा आहे तो."

"मग काय करू? तुम्ही यातून गेलेले. तुम्ही सांगाल ते."

ज्या माणसाने जन्मात कोणाला रस्ता विचारला नाही, तो मला विचारत होता. माझी छाती फुगली. मी लिफ्टच्या पत्र्यावर दोनदा बोटं वाजवली. "डबल बेल, भाऊजी!"

ते खळखळून हसले. कागद माझ्याच खिशात राहिला.

सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. दुखणं कधी कमी, कधी जास्त. कमी झालं की पट्ट्याचा गुण, जास्त झालं की भाऊजींची कुचराई. फिजिओथेरपीला दोनदा गेले, मग रिक्षात बसवत नाही म्हणून थांबले, आणि मीही म्हणालो की घरी नळी आहेच. एका रविवारी मी त्यांना पानशेतच्या रस्त्याला मणका बसवून देणाऱ्याकडे नेलं. गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झोपून आले. त्या माणसाने पाठीवर गुडघा ठेवायच्या आत भाऊजींनी विचारलं, "लायसन कुठलं तुमचं? हलकं वाहन की जड?" तो रागावला आणि आम्ही परत आलो. त्या दिवशी भाऊजींची जीभ माझ्या अकलेपेक्षा कामाला आली.

मग चपलेची गोष्ट सुरू झाली. रस्त्याने चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि भाऊजी तसेच पुढे जायचे. त्यांना पत्ताच नसायचा. ताई मागून हाक मारायची, "अहो, चप्पल!" मग ते वळून बघायचे, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि म्हणायचे, "येईल मागून. तिला घर माहीत आहे." आम्ही पोट धरून हसायचो. सर्वांत मोठ्याने मी. मी त्यांना विसराळू म्हणालो, म्हातारे झालात म्हणालो. वाढदिवसाला एक नंबर लहान चप्पल आणून दिली, घट्ट बसावी म्हणून. माणसाच्या पायातून चप्पल जाते आणि पायाला कळत नाही, याचा अर्थ कागदावरच्या पहिल्या ओळीत लिहिलेला होता. तो कागद माझ्या कपाटात, माझ्या फाईलमध्ये होता.

जूनमध्ये, प्रवेशांची गर्दी चालू असताना, भाऊजींचा ऑफिसात फोन आला. ते मला कधी ऑफिसात फोन करत नसत. इकडचं तिकडचं बोलले, पाऊस झाला का विचारलं, आणि मग हळूच, "मेव्हणे, लघवीले बसतो तं होतच नाही बाप्पा. सकाळपासून. तुमच्या ताईले सांगू नका."

माझ्यासमोर अकरावीच्या पालकांची रांग होती. मी म्हणालो, "प्रोस्टेट असेल भाऊजी. वयच आहे. पाणी भरपूर प्या."

"बरं," म्हणाले. माणूस वऱ्हाडीत बोलत होता आणि माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने त्यांना फरशीवर पडलेलं पाहिलं. पोट फुगलेलं, उजवं पाऊल चिंधीसारखं. दवाखान्यात त्याच सर्जनबाई होत्या. त्यांनी टाचणीने टोचून बघितलं, आणि विचारलं, "लघवी कधीपासून बंद आहे?"

ताई म्हणाली, "आजच कळलं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. ते म्हणाले, "काल सकाळपासून. मीच कोणाला बोललो नाही."

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या की नस मोकळी केली आहे, पण उशीर झालाय, किती परत येईल सांगता येत नाही. मला गप्प राहता आलं नाही. म्हणालो, "पण मॅडम, मी तर नुसता लोंबकळून बरा झालो होतो."

त्या खूप दमलेल्या होत्या. "काका," म्हणाल्या, "तुम्ही लोंबकळला नसतात तरी बरे झाला असतात. बहुतेक जण होतात. जे होत नाहीत त्यांच्यासाठी तो कागद असतो."

गंमत अशी, की भाऊजींचं दुखणं पार गेलं. ते बसू लागले. चौथ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवलं तेव्हा लहान मुलासारखे इकडेतिकडे बघत म्हणाले, "अरे, बसता येतंय!" पण पाऊल आलं नाही आणि लघवीवरचा ताबाही आला नाही. नळी आणि पिशवी कायमची लागली. संडासाला दोघांनी धरून न्यायचं. त्यांनी मागितलेली एकच गोष्ट होती, तेवढीच गेली. उजव्या पावलाकडे बघून एकदा म्हणाले, "ब्रेकचा पाय होता हो हा," आणि मग त्यावर कधी बोलले नाहीत. जेवताना मात्र ताईने ताट मांडीवर दिलं की फ्रीजकडे बघायचे.

वर्षभर मी त्यांच्याकडे दर रविवारी जात होतो आणि दर रविवारी न बोलता परत येत होतो. एकदा ताई खाली भाजी आणायला गेली तेव्हा मी बोललो. कागदाचं बोललो, फोनचं बोललो. मला वाटतं मी रडलोही, पण माझ्या रडण्यावर तेव्हा माझाच विश्वास नव्हता.

भाऊजींनी मला पूर्ण बोलू दिलं. मग स्वच्छ पुणेरीत म्हणाले, "मेव्हणे, गाडी मी चालवत होतो. अपघात ड्रायव्हरच्याच नावावर जातो." खिडकीबाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, ती नीट लागेपर्यंत त्यांनी बघितली. "फक्त एक बेल द्यायची तिथे तुम्ही दोन दिल्यात. एवढंच."

मग ताई आली आणि त्यांनी मला चहा घेऊन जा म्हणून सांगितलं.

आता मी पट्टा घेऊन कोणाकडे जात नाही. चौकटीतली नळी काढली, भोकं बुजवायची राहिली आहेत. तरी लोक विचारतातच, तुमचं बरं झालं ना, मग आम्ही काय करू? मी विचारतो, चप्पल पायात राहते का? लघवी नीट होते का? त्यापुढचं डॉक्टरला विचारा म्हणतो. लोकांना वाटतं मी तुटक झालोय. बायकोला वाटतं मी सुधारलोय.

भाऊजींच्या लघवीच्या नळीवाटे पुन्हा पुन्हा जंतू जायचे, ताप यायचा, दवाखाना, परत घर. गेल्या श्रावणात असाच ताप आला आणि उतरला नाही. भाऊजी झोपेत गेले. त्या रात्री 'अगे माय वं' एकदाही झालं नाही, असं ताईने सांगितलं.

सकाळी सोसायटीत शववाहिका आली. डेपोतले म्हातारे ड्रायव्हर झाडून सारे आले होते. त्यांनीच भाऊजींना तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं, जिन्याच्या वळणावर एकमेकांना "थोडं डावीकडे, थोडं मागे" सांगत. आत ठेवलं, मागचं दार लागलं. मी दाराशी सर्वांत जवळ होतो. पुढून कोणीतरी ओरडलं, "पाव्हणं, बेल द्या त्याला, निघू द्या!"

मी पत्र्यावर थाप मारली. एक. दुसरीसाठी हात उचलला, तो वरच राहिला.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे वळून विचारलं, "थांबायचंय का?"